अकरावा गडी आणि मंगळवारची बोट

ताई,

मी एका लहानशा बेटावर राहतो. लांबी पावणेचार किलोमीटर, रुंदी जेमतेम दीड, वस्ती नऊशेच्या आसपास. धक्क्यावर उतरणाऱ्या मालाची नोंद ठेवतो. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी येते, तीही हवा बरी असली तर. संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने धावत बेटाला एक फेरी मारतो. नऊ किलोमीटरला थोडी कमी भरते. गेली सहा वर्षं जवळजवळ रोज. रविवारी फुटबॉल. बेटावर संघ दोनच, त्यामुळे दर रविवारी समोर तेच अकरा चेहरे. मी आमचा गोलकीपर. राखीव गडी असा आमच्याकडे कोणी नाही. गोलमागे चेंडू अडवायला एक चौदा वर्षांची पोरगी उभी असते, तेवढंच.

वर्षभरापासून मला बाहेर पडायचंय. सहा महिने, नुसतं भटकायला. पैसे साठवलेत, रजा मिळेल. रात्री मोबाइलवर नकाशे बघत बसतो. पण मी गेलो की संघात दहा उरतात, मग सामना कसला? मागच्या महिन्यात मला ताप होता तेव्हा रविवार बुडाला. (ती पोरगी म्हणे गोलमध्ये उभी राहायला तयार होती, पण कॅप्टन नको म्हणाला.) घरी विषय काढला की आई उठून कामाला लागते. तिकिटाच्या खिडकीवर माझी सख्खी मावशी बसते, म्हणजे तिकीट काढलं की तासाभरात बेटभर. मला कळत नाही, हे भटकण्याचं वेड आहे की इथून पळ काढणं? आणि सहा महिन्यांनी परत आलो आणि इथे मन लागलंच नाही तर?

अरे-तुरे केलंत तरी चालेल, मी सत्तावीस वर्षांचा आहे. त्या पोरीचा झेल मात्र बघण्यासारखा असतो, हे आपलं उगाच सांगतोय.

— फेरीकर


फेरीकर,

टोपणनाव झकास घेतलंस, पण त्याचा उपयोग काय? नऊशे माणसांत धक्क्यावर काम करणारे गोलकीपर असे कितीसे असणार? दोन-तीन तपशील मी बदललेत, तरी मावशी चौथ्या ओळीला ओळखेल. म्हणून हे उत्तर तुला छापण्याआधी तीन आठवडे पाठवलंय. तेवढ्यात आईशी बोलून घे. कसं बोलायचं ते पुढे सांगते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा एकच गोष्ट शोधत: याला जायचंय कुठे? ती सापडली नाही. एखादा डोंगर नाही, शहर नाही, कुठलं मैदान डोळ्यांनी बघायचंय असंही नाही. ज्याला प्रवासाचं वेड असतं त्याच्या तोंडी ठिकाणांची नावं असतात, विचारलं नाही तरी. तुझ्या पत्रात आहेत ते ‘तेच अकरा चेहरे’, आहे ‘तासाभरात बेटभर’. जागा अपुरी पडते अशी तक्रार तू कुठेच केलेली नाहीस. सहा वर्षं रोज तोच रस्ता धावणाऱ्या माणसाला जागेचा कंटाळा असता तर त्याने धावणं केव्हाच सोडलं असतं.

मला वाटतं, तुला अनोळखी माणसं हवीत. त्याहून जास्त म्हणजे तुला स्वतःला अनोळखी व्हायचंय. रविवारी पायाखालून गोल गेला तर सोमवारी पोती मोजताना कोणी आठवण करून देऊ नये. नऊशे माणसांत तू लहानपणापासून कोणाचा तरी मुलगा, भाचा, गोलकीपर आहेस. ते सगळं सहा महिने खुंटीला टांगून ठेवावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. त्याला पळ काढणंही म्हणत नाहीत. पळणारा माणूस रजेची चौकशी करत नाही आणि संघात किती गडी उरतील हेही मोजत नाही.

मी स्वतः नोकरीपायी दोन वर्षं एका बेटावर काढली आहेत. तुझ्यापेक्षा मोठं होतं, पण फार नाही. संध्याकाळी दीपगृहापर्यंत चालत जायचे आणि वाटेत सात जण विचारायचे, ‘दीपगृहाकडे का?’ रस्ता तिथेच संपत होता, दुसरीकडे जाणार कुठे! तिथून बदली होऊन शहरात आले तेव्हा पहिला आठवडाभर मी बागेतल्या बाकावर जाऊन नुसती बसत असे. शेकडो माणसं समोरून जायची, एकही विचारायचं नाही. एवढी चैन मी आयुष्यात केलेली नाही. चौथ्या आठवड्यात तापाने पडले. गोळ्यांची पट्टी रिकामी झाली आणि खाली जाऊन नवी आणायची ताकद नव्हती. त्या दुपारी दाराबाहेर जिन्यावर पावलं वाजत होती, वर जात होती, खाली जात होती, आणि एकही दाराशी थांबत नव्हतं. बेटावर असते तर दीपगृहाकडे फिरकले नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणी तरी कडी वाजवली असती. हे तुला घाबरवायला सांगत नाही. जायला तर तू हवंच. पण जे घ्यायला निघाला आहेस ते कशाच्या बदल्यात मिळतं, हे माहीत असलेलं बरं.

आता तुझा अकरावा गडी. इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

फुटबॉलच्या नियमांप्रमाणे एका बाजूला सात खेळाडू असले तरी सामना होतो. सातांपेक्षा कमी झाले तरच सुरू करता येत नाही. त्यामुळे ‘दहा उरतात, मग सामना कसला’ हे तुझं गणित चुकीचं आहे. अडचण एकच, त्या सातांतल्या एकाने गोलमध्ये उभं राहायला हवं. आणि तो ‘एक’ कोण, हे तूच मला तीनदा लिहिलंयस. आधी ‘तेवढंच’ म्हणून, मग कंसात, शेवटी ‘उगाच’. मी कुठे विचारलं होतं तिच्याबद्दल?

मला तर असं दिसतं की तुझ्यावाचून अडतं, यात तुला थोडा त्रास आहे आणि थोडी मौजही. असणारच. एवढ्याशा जागेत प्रत्येकाच्या वाट्याला एखादंच काम एकट्याचं येतं आणि ते सोडताना हात आखडतो. पण रविवार बुडाला तो तुझ्या तापाने नाही, कॅप्टनच्या ‘नको’ने बुडाला. त्या नकोला उत्तर द्यायला आजही तूच योग्य माणूस आहेस. गेल्यावर नव्हे, जायच्या आधी. पुढचे आठ रविवार अर्धा सामना तू खेळ, अर्धा तिला दे. मोठ्यांचे फटके अंगावर घेण्याआधी तिला नीट पडायला शिकव: कुशीवर, हात पुढे, कोपर आत. पहिल्या दोन रविवारी ती चार गोल खाईल आणि बेटभर त्याची चर्चा होईल. तेव्हा तू गोलमागे, तिच्या जागेवर उभा राहा. चेंडू आणून दे.

चौदा वर्षांची म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला सेंट लुशिया या कॅरिबियन बेटाची गोष्ट सांग. तिथली ज्युलियन आल्फ्रेड चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला गेली, धावायचं शिकायला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने शंभर मीटर १०.७२ सेकंदांत मारले आणि तिच्या देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळालं, तेही सोन्याचं. त्या बेटाने तिला ‘तू गेलीस तर आमच्याकडे एक कमी होईल’ असं म्हटलं असतं तर?

तुझ्या ‘त्याच अकरा चेहऱ्यां’वरचा एक उपाय इंग्लंडच्या टोकाला सिली बेटांवर सापडतो. वस्ती सुमारे दोन हजार, फुटबॉल संघ दोनच: गॅरिसन गनर्स आणि वुलपॅक वाँडरर्स. लीगमध्ये दर वेळी तेच दोघे एकमेकांशी भिडतात, चषकाच्या अंतिम सामन्यातही तेच. जगातली सगळ्यांत छोटी लीग म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण हंगाम सुरू होताना तिथे खेळाडू नव्याने वाटून घेतात. गेल्या वर्षी ज्याच्यावर ओरडलात तो यंदा तुमच्या बचावफळीत. तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हा वरच्या आळीचा, तो खालच्या आळीचा असं असेल तर कॅप्टनपुढे हा विषय काढ. निघता निघता एवढं केलंस तरी संघावर उपकार होतील. जो निघालाय त्याच्या बोलण्याला लोक फारसे रागावत नाहीत.

आणि आपण छोटे, आपलं काय, असं रात्री कधी वाटलंच तर तुझ्याच जातीच्या एका गोलकीपरची आठवण ठेव. उत्तर अटलांटिकमधल्या चिमुकल्या फेरो बेटांचा पहिला अधिकृत स्पर्धेतला सामना १२ सप्टेंबर १९९० ला ऑस्ट्रियाशी होता. ऑस्ट्रिया म्हणजे त्याच उन्हाळ्यात वर्ल्डकप खेळून आलेला संघ. फेरोवाल्यांकडे तेव्हा नियमात बसेल असं गवताचं मैदानही नव्हतं, म्हणून ‘घरचा’ सामना स्वीडनमधल्या लान्स्क्रूना गावी जाऊन खेळावा लागला. गोलमध्ये येन्स मार्टिन क्नुडसेन, डोक्यावर गोंड्याची पांढरी लोकरी टोपी. हा एरवी माशांच्या कारखान्यात माल उचलायची गाडी चालवायचा. गोल मारणारा टोर्किल नील्सन लाकडाच्या वखारीतला विक्रेता. एक-शून्यने जिंकले. मला यातली जिंकण्याइतकीच आवडते ती घरचा सामना परक्याच्या गावी जाऊन खेळायची गोष्ट. ज्यांना घरात जागा पुरत नाही ते बाहेर जाऊन खेळतात, आणि तरी तो सामना घरचाच धरला जातो.

तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटला. परत आलो आणि मन लागलं नाही तर? खोटा दिलासा देत नाही. दोन्ही घडलेलं आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्या बेटावर १९६१ मध्ये ज्वालामुखी फुटला आणि सगळी वस्ती, अडीचशेच्या वर माणसं, इंग्लंडला हलवावी लागली. तिथे वीज होती, बस होत्या, दुकानं होती, पगार होता. १९६३ मध्ये त्यांतले बहुतेक परत गेले, जिथे आजही विमान उतरत नाही आणि केप टाउनहून बोटीला आठवडाभर लागतो तिथे. उलट स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डावर उरलेल्या छत्तीस जणांनी स्वतःच अर्ज करून १९३० च्या ऑगस्टमध्ये बेट सोडलं आणि ती वस्ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. लोक ट्रिस्टनची गोष्ट डोळे पुसत सांगतात, पण तिच्यातली एक गोम विसरतात: ते सगळे मिळून गेले होते आणि मिळून परतले. तू एकटा परतणार आहेस. तुझ्यामागे इथले सहा महिने तुझ्याशिवाय गेलेले असतील. गोलमध्ये दुसरं कोणी असेल आणि बरं खेळत असेल. धक्क्यावरच्या विनोदांतले चार तुला कळणार नाहीत. तो पहिला महिना वाईट जाईल, हे आत्ताच धरून चाल. म्हणून एक अट: परतल्यावर साठ दिवस कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. साठवलेल्या पैशांतले त्या साठ दिवसांपुरते बाजूला काढून ठेव, ते प्रवासात मोडायचे नाहीत.

दुसरी अट म्हणजे परतीची तारीख. ‘बघू, जमेल तसं’ असं नको. १९६८ मध्ये एकट्याने, कुठे न थांबता शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करायची एक शर्यत झाली. नऊ जण निघाले. पूर्ण करणारा एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवसांनी, निघाला त्याच बंदरात परत. त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच खलाशी होता, जिंकेल अशी चिन्हं होती, घरी बायको वाट बघत होती. त्याने केप टाउनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी भिरकावली, शर्यत सोडतोय म्हणून, आणि आणखी अर्धी पृथ्वी ओलांडून थेट ताहितीला गेला. लोकांना हा दुसरा भारी वाटतो. मलाही विशीत वाटायचा. आता त्या चिठ्ठीची बातमी घरी पोचली असेल तो दिवस आधी डोळ्यांसमोर येतो. तुझी आई तू विषय काढल्यावर उठून कामाला लागते ना, ती तुझ्या जाण्याला भीत नाहीये रे. तारीख नसलेल्या जाण्याला भितेय.

तेव्हा आईशी असं बोल. ती कामात असताना, तिच्या बरोबरीने काहीतरी करत. समोर बसवून नको, समोर बसवलं की ती उठणारच. ‘मी जाऊ का?’ हा प्रश्न विचारू नकोस, सत्तावीस वर्षांच्या मुलाने तो विचारला की त्याचं ओझं तिच्यावर पडतं. ‘या मंगळवारी निघतोय, या शुक्रवारी परत येतोय’ एवढं सांग. दोन्ही तारखा. मग गप्प राहा. ती पहिल्यांदा अगदीच भलतं काही विचारेल, गरम कपड्यांचं किंवा छपराचं. त्याचं उत्तर नीट दे. तोच होकार असतो.

मावशीला दुसऱ्या दिवशी सकाळी सांग, खिडकी उघडायच्या आत, तिकीट काढायच्या आधी. बातमी फुटणारच आहे, तर ती फोडायचा मान तिला दे. खिडकीत कळलं तर ती दुखावेल. आधी कळलं तर तीच तुझी वकिली करेल.

प्रवासाचं फार सांगत नाही, ते तू नकाशावर माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असशील. दोनच गोष्टी. बोट आणि पुढचं विमान यांच्यात तीन-चार दिवस मोकळे ठेव. हवेचं मी तुला काय सांगणार. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर विमानतळ बांधून झाला तरी वाऱ्याच्या लहरीपणामुळे नेहमीची विमानसेवा सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. दुसरं, पहिले दोन महिने मोठ्या शहरात काढ, अनोळखी होण्याची हौस भागेपर्यंत. आणि मग एखाद्या दुसऱ्या लहान बेटावर जा. खरंच जा. प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशात, फुनाफुटीला, संध्याकाळी पोरं विमानाच्या धावपट्टीवर फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात, भोंगा वाजला की बाजूला होतात. मुख्य भूमीवरचा प्रवासी तिथे फोटो काढेल. तुला मात्र कळेल की सपाट जागा तेवढीच असेल तर दुसरं करणार काय. तिथल्या गोलकीपरशी बोल.

निघायला अजून दोन-अडीच महिने आहेत, तोवर धावण्यात एक बदल कर. फेरी उलटी मार. सहा वर्षं एकाच बाजूने समुद्र ठेवून धावतोस (पैज लावते, उजव्या), आणि किनाऱ्याचे रस्ते पाण्याच्या निचऱ्यासाठी एका अंगाला उतरते असतात. एकाच पायावर भार पडत राहतो. उलट धावलास की चढ असेल तिथे उतार येईल, खारा वारा तोंडावर यायचा तो पाठीवर येईल, आणि रोजची ती सात-आठ माणसं समोरून भेटतील, मागून नाही. दमायचा भाग आधी, वाऱ्याविरुद्ध, असं ठरवून वेळ निवड. आठवड्यातून दोनदा रस्ता सोड आणि ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर धाव. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तुझी वेळही सरकेल, कधी पहाट, कधी दुपार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यांत लांब हटतं, तेव्हा एरवी बुडालेली वाळू मिळेल. पाणी फिरायच्या आत मात्र माघारी वळ, हेही सांगायला नको. त्या वेळांना तुला कोणी भेटणार नाही. सहा महिन्यांसाठी जग हिंडायला निघालेल्या माणसाला आपल्याच बेटावर असे एकांताचे दोन तास मिळतात का, हे एकदा बघ तरी.

राहता राहिले तुझे हातमोजे. ते बॅगेत भरू नकोस. तिच्या हाताला सैल होतील, मनगटाला पट्टी गुंडाळली की भागेल. शेवटच्या रविवारी दे, सामन्याआधी, कॅप्टनच्या देखत. आणि मग त्या मंगळवारी ती धक्क्यावर आली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. सरावाला गेली असेल.

— ताई